जहाज मोडा, गोदी राखा

हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड आणि रे रोड ही लागोपाठची दोन स्टेशनं. पहिल्यावर उतरून पूर्वेकडे चालत गेलं की माझगाव डॉक लागतं, युद्धनौका बांधण्याची जागा. दुसऱ्यावर उतरलं की दारूखाना, जहाजं मोडण्याची जागा. मधे लोकलची दोन-तीन मिनिटं. २०१४च्या नोव्हेंबरात याच दारूखान्यात ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू नौका मोडायला घेतली, तेव्हा मुंबईत अनेकांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. मलाही झालं. मुलाला घेऊन मी ती बघितली होती. तिच्या अरुंद लोखंडी जिन्यांवर त्याचा गुडघा फुटला होता आणि ती खूण तो पुढे बरेच दिवस अभिमानाने दाखवत असे.

त्या वेळी मी ‘जहाज वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने होतो. आज नाही. दहा-बारा वर्षं हा विषय डोक्यात घोळल्यावर मला वाटू लागलंय की आपण चुकीच्या वस्तूसाठी रडलो. निवृत्त युद्धनौका मोडायला हरकत नसावी. वाचवायची ती गोदी, तिथले नकाशे, तिथली हत्यारं आणि तिथल्या माणसांची आठवण. नेमकं तेवढंच आपण कुणी मागत नाही.

आधी ‘विक्रांत’चं काय झालं ते बघू. ती ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली, २०१२मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली. कायमचं संग्रहालय करण्याच्या घोषणा सरकारं बदलली तरी होत राहिल्या. पैसे कुणी काढले नाहीत. राज्य सरकारने न्यायालयात हात वर केले, लिलावात सुमारे ६० कोटींची बोली लागली, सर्वोच्च न्यायालयातही ती वाचली नाही. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटरसायकलच्या टाकीत गेला आणि त्याची जाहिरातही झाली. नौदल गोदीच्या लायन गेटसमोर तिच्या धातूचं एक शिल्प उभं आहे. सिग्नल सुटेपर्यंत टॅक्सीवाले त्याच्याकडे बघतात.

‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेची कथा तर अधिक बोलकी. १ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली. बातम्या आल्या, मालवणच्या लॉजवाल्यांनी हिशेब मांडले. दोन वर्षांच्या आत ती ३८ कोटी ५४ लाखांना भंगारात गेली आणि सप्टेंबर २०२०मध्ये गुजरातेत अलंगच्या जहाजं मोडण्याच्या किनाऱ्यावर चढली. ८५२ आणि साडेअडतीस. आपल्या भावनेची आणि आपल्या तयारीची किंमत शेजारी-शेजारी मांडायची झाली तर हे दोन आकडे पुरेसे आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सरकारला इच्छाशक्ती नव्हती. नव्हतीच. पण इच्छाशक्ती असती तरी काय झालं असतं? पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात उभं ठेवणं म्हणजे बर्फाची लादी उन्हात राखणं. ठरावीक वर्षांनी ते सुक्या गोदीत, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीत, घ्यावं लागतं, खालचा गंजलेला पत्रा कापून नवा घालावा लागतो, आणि मुंबई-कोकणचा पाऊस वरून आपलं काम करतच असतो. पैशाची वाण नसलेल्या अमेरिकेतही हे जमताना नाकी नऊ येतात. ‘टेक्सस’ ही पहिल्या महायुद्धाच्या काळातली युद्धनौका गळू लागली. ती तगवायला तिथल्या राज्याने साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले आणि २०२२मध्ये तिला ओढत गॅल्व्हस्टनच्या गोदीत न्यावं लागलं. त्याच वर्षी बफेलो शहरात ‘द सलिव्हन्स’ ही संग्रहालय-नौका धक्क्याला बांधल्या जागीच पाणी भरून कलली. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी टिकली आहे, कारण तिला वाळूवर ओढून जमिनीवर ठेवलं. पाणबुडीला ते जमतं. विमानवाहू नौका कुठल्या चौपाटीवर ठेवणार?

पण पैसा हा माझा मुख्य मुद्दा नाही. पैशाचं गणित उद्या एखादा उद्योगपती सोडवेलही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या दोन जहाजांसाठी आपण हळहळलो, ती आपण बांधली होती का?

‘विक्रांत’चा सांगाडा इंग्लंडात टाइन नदीवर १९४३मध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने सुरू झाला, १९४५मध्ये पाण्यात उतरला आणि युद्ध संपल्यामुळे अर्धवट पडून राहिला. भारताने तो १९५७मध्ये घेतला, बेलफास्टच्या गोदीने पुरा केला. ‘विराट’ ही ब्रिटिश नौदलातली ‘हर्मिस’, १९८७मध्ये ती आपल्या नौदलात आली. १९७१मध्ये बंगालच्या उपसागरात ‘विक्रांत’ने जे केलं ते आपल्या खलाशांनी आणि वैमानिकांनी केलं, त्यात शंका नाही. तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला असताना उरलेल्या तिघांवर तिला लढाईत उतरवलं होतं. कॉक्स बझार आणि चितगावच्या हल्ल्यांची वर्णनं आपल्याला तोंडपाठ असतात; तीन बॉयलरवर हे जहाज चालेल हा हिशेब करणाऱ्या इंजिनीअरांबद्दल आणि फिटरांबद्दल आपण एक ओळ वाचलेली नसते. इतिहास डेकवर घडला, एवढंच आपण शिकलो. बॉयलर रूमपर्यंत आपली उत्सुकता उतरलीच नाही.

आता उलट बाजू बघा. मुंबईत बांधलेलं एक जहाज अजून तरंगतंय. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं एके काळचं जहाजबांधणीचं गाव आहे, तिथे ‘ट्रिंकोमाली’ उभी आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरली. मुख्य बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडचं ओक लाकूड संपत आलं होतं, म्हणून नौदलाने मलबारी सागवानाकडे मोर्चा वळवला. सागवानात तेल असतं, त्यात लोखंडी खिळा गंजत नाही. ओकमधलं आम्ल खिळा खातं. हे कोकणातल्या सुताराला कुणी सांगावं लागत नव्हतं. गंमत म्हणजे तिचे नकाशे मुंबईला येताना वाटेतच गेले. ज्या ‘जावा’ जहाजावर ते होते ते डिसेंबर १८१२मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने पकडलं. पुन्हा नकाशे आले, मग काम सुरू झालं. आज ती तरंगत्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनी मानली जाते. तिचं बरंचसं मूळ लाकूड शाबूत आहे. मलबारच्या जंगलातलं झाड, मुंबईच्या सुताराचा वाकस, आणि तिकीट काढून बघायचं हार्टलपूलला.

ती एकटी नव्हती. १८४२मध्ये चीनवर लादलेला नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, ती मुंबईची. १८२७मध्ये नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सरदाराचं निशाण ज्या ‘एशिया’वर होतं, तीही मुंबईची. यात छाती फुगवण्यासारखं किती आणि लाज वाटण्यासारखं किती, हा वेगळा वाद. चीनला अफू पाजण्याच्या राजकारणाला आपलं सागवान कामी आलं हे विसरून चालणार नाही. पण मुद्दा कारागिरीचा आहे. १७३६च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून सुतारांची तुकडी घेऊन मुंबईला आले. १७५०मध्ये इथे सुकी गोदी झाली, आशियातली पहिली म्हणतात ती. पुढे डंकन डॉक झाला. त्या दगडी गोद्या आजही आहेत. जिथे ‘ट्रिंकोमाली’ बांधली गेली ती जागा फोर्टमधल्या कुठल्याही हापिसातून पंधरा-वीस मिनिटांच्या पायी अंतरावर आहे. मुंबईकरांपैकी किती जणांनी ती बघितली आहे? नौदलाच्या कुंपणाआत असल्याने कुणीच नाही म्हटलं तरी चालेल.

जमशेटजींबद्दल एक हकिकत सांगितली जाते. एका जहाजाच्या कण्याच्या लाकडावर, बांधणी पुरी झाल्यावर कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यांनी कोरून ठेवलं होतं की हे जहाज एका ‘काळ्या माणसाने’ बांधलं. त्याआधी एक शिवीही होती, गोऱ्यांच्या तोंडी असायची तीच. खरीखोटी काहीही असो, मला ती पटते. बांधणाऱ्याची सही नेहमी जहाजाच्या पोटातच असते. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, नाव दुसऱ्याचं असतं.

स्वतंत्र भारतातही हेच चाललं. माझगाव डॉक १९६०मध्ये सरकारने ताब्यात घेतलं. त्यानंतर तिथे ‘निलगिरी’ बांधायला घेतली. आराखडा ब्रिटिशांचा, पण पत्रे कापणारे, वेल्डिंग करणारे, पाइप बसवणारे हात परळ-लालबाग-माझगावचे. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी ती पाण्यात उतरली, ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. देशात बांधलेली ती पहिली मोठी युद्धनौका. त्या मालिकेत सहा जहाजं झाली. दर जहाजागणिक परकी सामान कमी होत गेलं, आपले बदल वाढत गेले. शेवटच्या दोघींवर तर मोठं सी किंग हेलिकॉप्टर मावेल अशी जागा काढली. आणि मग १९८३ची ‘गोदावरी’, आराखड्यासकट आपली. हा दहा-अकरा वर्षांचा प्रवास म्हणजे एका देशाने युद्धनौका बांधायला शिकण्याची गोष्ट आहे. ‘निलगिरी’ १९९६मध्ये निवृत्त झाली आणि पुढल्या वर्षी क्षेपणास्त्राच्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली. तिच्यासाठी कुणी जनहित याचिका केल्याचं, मेणबत्त्या लावल्याचं मला आठवत नाही.

मी त्याबद्दल नौदलाला दोष देत नाही. सराव लागतो, लक्ष्य लागतं. शिवाय नौदलाचा एक रिवाज मला आवडतो: जहाज जातं, नाव पुन्हा येतं. नवी ‘निलगिरी’ जानेवारी २०२५मध्ये मुंबईतच दाखल झाली, नवी ‘विक्रांत’ २०२२मध्ये कोचीत. पण पहिल्या ‘निलगिरी’बरोबर तिच्या बांधणीची आठवणही बुडायला नको होती. आमच्या मजल्यावर राहणारे एक काका माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. जहाजाच्या तळाच्या दुहेरी पत्र्यांमधल्या जागेत उताणं झोपून वेल्डिंग करताना ठिणगी मानेत कशी जाते, हे ते चाळीच्या कठड्यावर बसून साभिनय दाखवत. पाय बाहेर ठेवलेला मदतनीस असायचा. आतल्याने हाक मारली नाही तर पाय ओढून बाहेर काढायचं हे त्याचं काम. काका गेले. त्यांना कधी कुणी टेपरेकॉर्डर पुढे करून ‘सांगा’ म्हटलं नाही. मीही नाही.

बांधणाऱ्यांचं संग्रहालय ही कल्पना वेडगळ वाटत असेल, तर अमेरिकी नौदलाकडे बघा. १९४२च्या मार्चमध्ये त्यांनी बांधकाम पलटणी उभ्या केल्या. गवंडी, सुतार, प्लंबर, बुलडोझर चालवणारे अशी कसबी माणसं भरती केली, त्यांच्याकडून पॅसिफिकच्या बेटांवर धावपट्ट्या आणि धक्के बांधून घेतले. ‘सीबीज’ हे त्यांचं लाडकं नाव. आज कॅलिफोर्नियात पोर्ट वायनीमी इथे केवळ या लोकांचं संग्रहालय आहे. रस्ते करणाऱ्यांचं, विहिरी खणणाऱ्यांचं. युद्धाचं एवढं वेड असलेल्या देशालाही कळलं की बंदूक चालायच्या आधी कुणीतरी जमीन सपाट केलेली असते.

आपल्याकडे तर ही जाणीव फार जुनी आहे. शिवाजी महाराजांचं आरमार आपण जलदुर्गांच्या फोटोंत बघतो, पण ते सुरू झालं कल्याण-भिवंडीच्या खाडीत, जहाजं बांधणाऱ्या कारागिरांपासून. त्यात पोर्तुगीज कारागीरही होते, आणि हीच माणसं तिथून फोडून परत न्यायची धडपड वसईच्या पोर्तुगीजांनी केली. त्यांना कळलं होतं की सुतार काढून घेतला की आरमार बसतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराबद्दल बोलता बोलता झाडांचा विषय येतो: सागासारखं लाकूड हुकुमाने तोडा, पण आंबा-फणसाला हात लावू नका, ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. जहाज म्हणजे आधी जंगल, मग सुतार, मग गोदी, मग खलाशी आणि सर्वांत शेवटी तोफ, हा क्रम त्या माणसाला माहीत होता. आपण मात्र तोफेपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

विजयदुर्गला पर्यटकांच्या गाड्या रांगेने लागतात. किल्ल्याचे बुरुज बघून, सेल्फी काढून, कोकम सरबत पिऊन लोक परततात. तिथून जवळच गिर्ये गावात खाडीच्या काठी मराठ्यांची आरमारी गोदी आहे. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ साफ करायचा, डागडुजी करायची. पंप नाही, यंत्र नाही. चंद्राच्या मर्जीवर चालणारा कारखाना. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गात जाळलं तेव्हा उभ्या जहाजांबरोबर बांधणीवरची जहाजंही जळाली. (त्या वेळी पेशवे कुणाच्या बाजूने होते, ते आपण शाळेत जरा घाईघाईत शिकतो.) किल्ला म्हणजे आरमाराचं घर, गोदी म्हणजे त्याचा संसार. घर राखीव स्मारक आणि संसार झुडपांत, ही वाटणी मला समजत नाही.

याच सिंधुदुर्गात आता निवतीच्या समुद्रात ‘गुलदार’ हे निवृत्त जहाज तळाशी ठेवून पाण्याखाली उतरणाऱ्या पर्यटकांसाठी आकर्षण करण्याची योजना आहे. केंद्राने तिला सुमारे ४७ कोटी दिले. योजना वाईट नाही. मासे येतील, स्थानिक पोरांना काम मिळेल. फक्त तिला ‘वारसा’ म्हणू नये. ‘गुलदार’ पोलंडमध्ये बांधलेलं, सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं जहाज. सिंधुदुर्गाशी त्याचं नातं त्याला इथे आणण्यापासून सुरू होतं. त्या ४७ कोटींतला एक कोटी गिर्येच्या गोदीवर लावला असता तर? झुडपं काढून, नीट मोजणी करून, एक दगडी पायवाट आणि मराठी पाटी. एवढंच.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा: मुंबईची नौदल गोदी चालू गोदी आहे, तिथे शाळेच्या सहली कशा सोडणार? बरोबर. पण इंग्लंडातल्या पोर्ट्समथचा नौदल तळही चालू आहे. त्याच तळाच्या एका अंगाला ऐतिहासिक गोदी आहे, तिचं फाटक वेगळं आहे आणि लोक ‘व्हिक्टरी’ ही जुनी युद्धनौका बघायला रोज येतात. कुंपण थोडं सरकवलं की काम होतं. इंग्लंडातलीच चॅथमची गोदी १९८४मध्ये बंद झाली. तिथल्या जुन्या भागातली सुमारे ८० एकर जमीन बिल्डरला न देता तिच्यावर न्यास नेमला. तिथल्या पाव मैल लांबीच्या दोरखंडशाळेत अजून दोर वळला जातो आणि विकलाही जातो. आपल्याकडे पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनींचा पुनर्विकास नुसता शब्द निघाला तरी पहिलं चित्र काढलं जातं ते मरिना आणि उपाहारगृहांचं. त्या आराखड्यात दारूखाना आणि जुन्या गोद्या कुठे बसतात हे विचारणारा एक नगरसेवक मला भेटायचाय.

दुसरा आक्षेप भावनेचा. लोकांना जहाज बघायचं असतं, गंजलेली क्रेन आणि नकाशे नव्हे. यात तथ्य आहे. माझ्या मुलाचा गुडघा गोदीत फुटला नसता. पण हे दाखवण्याच्या कसबावर आहे. आणि भव्यतेवरच आपण मोहित होणार असू, तर सुक्या गोदीच्या तळाशी उभं राहून वर बघावं. दगडी पायऱ्यांची ती उतरती विहीर आणि तिच्यात कधीतरी उभा असलेला हजारो टनांचा सांगाडा डोळ्यांसमोर आणावा.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, आठवण आहे. नौदलात जमिनीवरच्या तळालाही ‘जहाज’च म्हणतात. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावरचं लोणावळ्याचं ‘शिवाजी’ हे जहाज. फोर्टच्या जुन्या किल्ल्यातलं ‘आंग्रे’ हे जहाज. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ज्या ‘तलवार’वर नौसैनिकांनी बंड पुकारलं, तेही तरंगत नव्हतं. कुलाब्यातली ती बिनतारी संदेशाची प्रशिक्षणशाळा होती. तिथून पेटलेली ठिणगी सुमारे ७८ जहाजांपर्यंत आणि २० किनारी तळांपर्यंत गेली. स्वातंत्र्याआधीच्या नौदलाचा सर्वांत मोठा दिवस जमिनीवर सुरू झाला. आणि तळ उभे राहतात ते कुणाच्या तरी जमिनीवर. कारवारचा ‘कदंब’ २००५मध्ये सुरू झाला तो कारवार-अंकोल्यातल्या तेरा गावांतल्या लोकांना उठवून. कोकणी-मराठी बोलणारी, मासेमारीवर आणि भातशेतीवर जगणारी माणसं. त्यांच्या भरपाईचे दावे वर्षानुवर्षं चालले. तळाच्या इतिहासात पायाभरणीची तारीख असते, १९८६, आणि पायाभरणी करणाऱ्या पंतप्रधानांचं नाव असतं. उठलेल्या गावांची नावंही त्याच भिंतीवर लिहिली तर नौदलाचं काही कमी होणार नाही.

व्हाइस अ‍ॅडमिरल अवटींनी १९७८मध्ये सागरी इतिहासाची संस्था मुंबईत सुरू केली, म्हणजे रोपटं आहे. लोथलला केंद्र सरकार सागरी वारशाचं भव्य संकुल उभारतंय, व्हावं. पण मुंबईची गोदी लोथलला नेता येणार नाही. इथे काम खर्चाचं कमी आणि घाईचं जास्त आहे. ‘निलगिरी’वर विशीत लागलेला कामगार आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्याच्याकडे अजून पास असेल, डब्याची पिशवी असेल, युनियनच्या पावत्या असतील, आणि ज्या सांध्याची तपासणी पहिल्याच फेरीत पास झाली त्याबद्दल सांगायची एक गोष्ट असेल. पुढचं जहाज निवृत्त होईल तेव्हा याचिका जरूर करा. पण त्याआधी डॉकयार्ड रोडला उतरा, टेकडीवरच्या जुन्या बिल्डिंगींत विचारा, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असा एखादा म्हातारा सापडेल. दुपारी चार वाजता जा, त्याआधी तो झोपलेला असतो.